कॉलेजच्या संघात पेठेतले स्टार आणायचे, की तोच पैसा कोचवर घालायचा?

जिमखाना_कट्टा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या जिमखान्यासाठी सल्ला हवा आहे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलला आठ आठवडे उरलेत. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे एक सामना वाईट गेला की वर्ष संपलं. किट आणि प्रवास सोडून हातात १ लाख ४० हजार रुपये आहेत. मुलं २४. त्यातली पाच पेठांच्या संघांतून केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग खेळलेली, बाकीची शालेय स्पर्धांतून वर आलेली. मैदान मुरमाचं, सध्या पाऊस, एका बाजूला पाणी साचतं. सरावाची वेळ सकाळी ६ ते ७.४५, आठवड्यातून पाच दिवस.

कमिटीत दोन मतं आहेत. एक गट म्हणतो, प्रवेश सुरू आहेत तोवर लीगमधले तीन-चार नावाजलेले खेळाडू आणा, त्यांची फी आणि खर्च या रकमेतून भागवा. दुसरा गट म्हणतो, लायसन्स असलेला कोच आठ आठवड्यांसाठी ठेवा. दोन्ही करण्याएवढे पैसे नाहीत. काय करावं? आणि कोचच ठेवला तर आठ आठवड्यांत त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं?

हाफ_नंबर_आठ

कोच. आणि कारण सांगतो.

९० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी बॉल सगळा मिळून दोनेक मिनिटं असतो. उरलेला वेळ तो कुठे उभा आहे, बॉल गेल्यावर कुठे पळतो, शेजारच्याशी किती अंतर राखतो, यावर संघ तरतो किंवा बुडतो. स्टार तुम्हाला ती दोन मिनिटं देतो. बाकीची ८८ सरावातच मिळतात. आपल्याकडं प्रेक्षक तीन जणांना चकवणाऱ्यावर शिट्ट्या मारतात, म्हणून मुलांनाही तेच फुटबॉल वाटतं. चौथ्यानं बॉल काढून घेतला की मागं केवढी जागा मोकळी राहिली, हे कुणी बघत नाही. कॉलेज स्पर्धेतले निम्मे गोल त्या मोकळ्या जागेतूनच होतात असं माझं ठाम मत आहे.

१०५ मिनिटं अशी वापरा. पहिली २० मिनिटं फिफाचा ‘११+’ वॉर्मअप, जसाच्या तसा. ८ मिनिटं हलकं पळणं, १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची २ मिनिटं वेगात पळणं, एकूण १५ व्यायाम. हा फक्त वॉर्मअप नाही, दुखापती कमी करणारा कार्यक्रम आहे. नॉर्वेत मुलींच्या संघांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या होत्या. पण आठवड्यातून किमान दोनदा आणि नीट केला तरच. मुलं हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) भाग गाळतात, कारण दुसऱ्या दिवशी मांडी धरते. तिथं सूट देऊ नका, सुरुवात मात्र ३ ते ५ वेळांनीच करा.

पुढची १५ मिनिटं चारात दोन, म्हणजे चौघं पास देतात आणि मधले दोघं बॉल काढून घ्यायला बघतात. ८ बाय ८ मीटरचा चौकोन, दोनच टच. मग २५ मिनिटं चार विरुद्ध चार आणि तीन मोकळे खेळाडू (बॉल ज्यांच्याकडं त्यांच्या बाजूनं खेळणारे), २५ बाय २० मीटरमध्ये. ३ मिनिटं खेळ, दीड मिनिट विश्रांती, अशा फेऱ्या. त्यानंतर २० मिनिटं फळ्यांचं, म्हणजे बचावफळी आणि मध्यफळीचं काम, १५ मिनिटं सलग खेळ, शेवटची १० मिनिटं अंग सैल करणं. गोल गोल पळवत बसू नका. दम या छोट्या खेळांतूनच वाढतो आणि डोकंही चालतं.

फळ्यांच्या कामात एकच आकार शिकवा, समजा ४-४-२ (चार बॅक, चार हाफ, दोन फॉरवर्ड). बचावफळी आणि मध्यफळी यांच्यात १० ते १२ मीटर अंतर, बॉल नसताना पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत संघ ३०-३५ मीटरमध्ये. हे तोंडानं सांगून समजत नाही. चार बॅकच्या कमरेला ८-८ मीटर दोरी बांधा आणि बॉल डावी-उजवीकडे फिरवत त्यांना चालत सरकवा. दोरी ताणली किंवा पायात आली की चूक कुणाची ते आपोआप कळतं. दोन आठवड्यांनी दोरी काढा.

पाण्याच्या बाजूला चौकोन आखू नका. चिखलात बॉल थांबतो आणि मुलांना वाटतं आपला पासच वाईट. उंच बाजूला दोन चौकोन आखून गट करा. मैदान पूर्ण बुडालं तर त्या दिवशी हॉलमध्ये ११+ आणि बोर्डावर कॉर्नरच्या जागा. सुट्टी नको.

पेठेचा_स्टॉपर

आठ नंबरवाल्या भावाचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट गाळली. १९ वर्षांच्या पोराचा पहिला टच आठ आठवड्यांत सुधारत नाही. लई तर लई त्याची जागा सुधारते. कोचिंगनं खेळाडू घडतो हे खरं, पण घडतो ते दहा-बारा वर्षांच्या वयात. आपला अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला. कोल्हापूरचाच, पण लहानपणी क्रीडा प्रबोधिनीत आणि मग पुण्याच्या अकादमीत घडला. कॉलेजच्या दारात येतो तो तयार माल. जो तयार नाही त्याला तुम्ही शिस्त लावू शकता, नजर देऊ शकत नाही.

म्हणून स्टार आणायचाच नाही, हे मला पटत नाही. कुठल्या जागेसाठी आणायचा ते महत्त्वाचं. लोक फॉरवर्ड आणतात, कारण त्याचं नाव पेपरात येतं. बाद स्पर्धेत पहिली गरज गोलीची, दुसरी स्टॉपरची, म्हणजे मधल्या बॅकची. चांगल्या फॉरवर्डनं दहा चुका करून एक गोल मारला तरी चालतो. गोलीला एक चूक परवडत नाही. आणि टायब्रेकरला तर सगळा सामनाच त्याच्या हातात.

निवडताना नावावर जाऊ नका. लीगचे सामने शाहू स्टेडियमवर बघितलेत ना, मग आठवा, किंवा लोकांनी टाकलेले व्हिडिओ काढा आणि वही घेऊन बसा. चार गोष्टी मोजा. अंगावर माणूस असताना पहिला टच पुढं जातो की मागं. बॉल हरल्यावर पुढची पाच पावलं तो पळतो की कमरेवर हात ठेवतो. सत्तराव्या मिनिटानंतर त्याची धाव किती उरते. आणि उलटा पाय चालतो का. दुसऱ्या मुद्द्यावर नापास झालेला कितीही मोठा स्टार असला तरी सोडून द्या. तो बाकीच्या दहांनाही तीच सवय लावतो.

आणखी एक. केएसएचा मोसम उन्हाळ्यात संपतो. त्यानंतर बहुतेकांचा दीड-दोन महिने बॉलला पाय लागत नाही. मे महिन्यात बघितलेला खेळाडू आणि जुलैत हजर होणारा खेळाडू, वजनातच तीन-चार किलोंचा फरक असतो. आल्या आल्या ९० मिनिटं खेळवलं तर मांडी गेलीच म्हणून समजा. पहिले दोन आठवडे अर्धाच भार.

कागदपत्रं मात्र आधी. विद्यापीठ स्पर्धांना १७ ते २५ वयाची अट आहे आणि खेळाडू नियमित विद्यार्थी लागतो. बारावीची गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, बोनाफाईड, मधे खंड पडला असेल तर त्याची कारणं, हे सगळं फाईलला लावल्याशिवाय रुपया खर्च करू नका. प्रोटेस्ट झाला आणि एक खेळाडू अपात्र ठरला तर जिंकलेला सामनासुद्धा हातातून जातो.

कळंबा_ते_ओहायो

हाच वाद अमेरिकेत कॉलेज फुटबॉलवर वर्षानुवर्षं चालू आहे. तो खेळ वेगळा, अंडाकृती बॉलचा, पण त्यातून दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

तिथं शाळेतल्या खेळाडूंना दोन ते पाच तारे देतात आणि कॉलेजं चार-पाच तारेवाल्यांमागं धावतात. आकडे बघितले तर भरतीवाल्यांची बाजू भक्कम दिसते. कितीतरी वर्षं राष्ट्रीय विजेता तोच संघ ठरत होता, ज्याच्याकडं भरतीतले निम्म्याहून जास्त खेळाडू चार-पाच ताऱ्यांचे होते. अलाबामानं निक सेबनच्या हाताखाली २००९ ते २०२० या काळात सहा विजेतेपदं मिळवली. सेबन उत्तम कोच होता आणि भरतीतही वर्षानुवर्षं अगदी वर असायचा. दोन्ही एकाच माणसाच्या हातात असल्यामुळं श्रेय वेगळं काढताच येत नाही.

पण एका सामन्यापुरतं चित्र बदलतं. १ सप्टेंबर २००७ ला अ‍ॅपलाचियन स्टेट या खालच्या पातळीवरच्या संघानं मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ नं हरवलं. त्याच वर्षी १ जानेवारीला बॉइसी स्टेटनं ओक्लाहोमाला जादा वेळेत ४३-४२ नं हरवलं, तेही सरावात घोटवून ठेवलेल्या फसव्या चालींवर. लांब मोसमात खोली जिंकते, म्हणजे दुखापती झाल्यावरही बाकावर कोण बसलंय ते. एका दिवसात तयारी जिंकू शकते. तुमची स्पर्धा बाद पद्धतीची आहे, म्हणजे तुमचा हिशेब दुसऱ्या प्रकारचा.

इंडियाना विद्यापीठाचं उदाहरणही बघा. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. नवीन कोच कर्ट सिग्नेटी आला आणि २०२४ मध्ये ११ विजय, २ पराभव. लोक म्हणतात, बघा कोचची किमया. पण तो येताना आपल्या जुन्या कॉलेजातले डझनभर खेळाडू घेऊन आला होता. ते फार ताऱ्यांचे नव्हते, पण त्याची पद्धत त्यांना पाठ होती. मला यात तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी धडा दिसतो. बाहेरून आणायचाच तर कोचला ओळखणारा, त्याच्या पद्धतीत खेळलेला आणा. आधी कोच ठरवा, मग खेळाडू त्याला निवडू द्या. उलटा क्रम घातला की कोचचे आठ आठवडे दुसऱ्यांनी निवडलेल्या मुलांच्या रुसव्याफुगव्यातच जातात.

एक मोठा फरक लक्षात ठेवा. अमेरिकन खेळ दर काही सेकंदांनी थांबतो आणि प्रत्येक चाल बाहेरून सांगता येते. आपल्या फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं कोच फक्त ओरडू शकतो, आणि शाहू स्टेडियमच्या आवाजात तेही ऐकू जात नाही. म्हणून आपल्याकडं कोचचं काम सामन्याआधीच संपलेलं असावं लागतं.

जिमखाना_कट्टा

फार उपयोगी. आधी कोच, हे कमिटीपुढं ठेवतो. दोन प्रश्न राहिले. पैसे कसे वाटायचे? आणि आमच्या पाचांपैकी तिघं एका पेठेतले, दोघं दुसऱ्या. मैदानात ते एकमेकांना पासच देत नाहीत. यावर काही उपाय?

लाल_माती

सर, पैशाचं आधी. कोचला सत्राला १,५०० धरले तर ४० सत्रांचे ६० हजार. गोलीसाठी वेगळा माणूस आठवड्यातून दोनदा, ८०० प्रमाणे १६ सत्रांचे १२,८००. पाच नंबरचे १२ बॉल, १,२०० चा धरला तर १४,४००. कोन, बिब, हवा मोजायचा गेज असलेला पंप, ५ हजार. फिजिओच्या फेऱ्या, टेप, बर्फ, प्रथमोपचार, १२ हजार. सरावानंतर प्रत्येकाला दोन अंडी आणि दोन केळी, माणशी २५ रुपये, २४ मुलं आणि ४० दिवस, २४ हजार. बेरीज १,२८,२००. उरलेले ११,८०० हातचे ठेवा. जो एखादा खेळाडू आणायचा तो या पैशातून नाही, कॉलेजच्या फी-सवलतीतून बसवा. कमिटीला ते करता येतं.

अंड्या-केळ्याला कुणी नाक मुरडलं तर त्यांना तालमीत नेऊन खुराकाचा हिशेब दाखवा. पोरं पहाटे पाचला उपाशी निघतात, पावणेआठपर्यंत पळतात आणि तशीच लेक्चरला बसतात. तिसऱ्या आठवड्यापासून पाय जड होतात आणि कोचला वाटतं पोरं आळशी.

पाच बॉलवर २४ मुलं, हा आपल्याकडचा जुना रोग. रांगेत उभं राहून एकेकानं शूट मारायचा, त्याला सराव म्हणतात. दोन मुलांमागं एक बॉल हवा. नियमात बॉलची हवा ०.६ ते १.१ वातावरण दाब एवढी चालते. मुरमावर ०.७ च्या आसपास ठेवा म्हणजे कमी उसळतो. शेवटच्या दहा दिवसांत सामन्यात असते तेवढी भरा, नाहीतर गवतावर पहिले वीस मिनिटं पास मापात येत नाहीत.

आता पेठेचं. ही ईर्ष्या आपल्या फुटबॉलचा जीव आहे, ती मोडायला जाऊ नका, पण कॉलेजच्या जर्सीत ती घातक. भाषणं देऊन होत नाही. चारात दोनच्या गटांत दोन्ही पेठांची पोरं कायम एकत्र ठेवा. बिबचे रंग रोज बदला. छोट्या खेळात नियम घाला की ज्याच्याकडून बॉल आला त्याला लगेच परत द्यायचा नाही, तिसऱ्याला द्यायचा. मग त्या दोघांची जोडी फुटते आणि तिसरा माणूस शोधावाच लागतो. कॉर्नर एका पेठेच्या पोरानं मारायचा आणि पहिली धाव दुसऱ्या पेठेच्या पोरानं घ्यायची, असं ठरवून द्या. गोल झाला की दोघांचा झाला. कॅप्टन त्या पाचांतला नको. शालेय स्पर्धेतून आलेला एखादा शांत हाफ करा.

सरावाला न येणाऱ्या स्टारचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण ती वेळ येणारच. पहिल्या दिवशी लिहून लावा: आठवड्यात पाचपैकी चार सत्रं नसतील तर पहिल्या अकरात नाव नाही. आणि पहिल्यांदा मोडणारा सगळ्यात मोठा स्टार असेल तरी त्याला बाहेर बसवा. तालमीत वस्ताद नव्या पोराला आणि गदा मारलेल्या पैलवानाला एकाच हौद्यात माती उकरायला लावतो, ते उगाच नाही.

कोचचं महत्त्व काय, यावर खाशाबा जाधवांकडं बघा. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, मातीत तयार झालेलं अस्सल अंग. १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर खेळायचं होतं आणि नियमही वेगळे. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना त्या पद्धतीची ओळख करून दिली. फ्लायवेटमध्ये सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य. पैलवान तोच, पण मैदान बदललं की शिकवणारा लागतो. तुमची पोरं मुरमावर शिकून गवतावर सामना खेळणार आहेत, म्हणून सांगितलं. शेवटच्या पंधरवड्यात कसंही करून चार-पाच सत्रं गवतावर मिळवा.

हाफ_नंबर_आठ

कॉर्नर-फ्री किकचं मी लिहिलंच नव्हतं, ते जोडतो. बाद स्पर्धेत, ओल्या मैदानावर, चालत्या खेळात गोल अवघड. आठवड्यातून दोन दिवस २० मिनिटं फक्त यावर द्या. मारायचे दोन कॉर्नर, दोन फ्री किक, एक लांब थ्रो. त्यापेक्षा जास्त शिकवलं की सामन्यात एकालाही काही आठवत नाही. प्रत्येकासाठी मारणारे दोन ठेवा, कारण एकाला पंचाहत्तराव्या मिनिटाला बदलावं लागतं आणि मग सगळी चाल वाया. लांब थ्रोवर ऑफसाइड नसतो, हे आपल्या अर्ध्या मुलांना माहीत नाही. गोलीच्या पुढ्यात एक उंच पोरगा उभा करून थेट टाका.

बचावाच्या कॉर्नरला एक जण जवळच्या खांबाशी, तिघं गोल एरियाच्या रेषेवर जागा धरून, चौघं माणसाला चिकटून, एक डी-वर (पेनल्टी एरियाबाहेरच्या कमानीवर) परत बाहेर येणाऱ्या बॉलसाठी, एक पुढं. दहाच्या दहा नावं कागदावर लिहून ड्रेसिंग रूममध्ये चिकटवा. बदली खेळाडू आत जाताना त्यानं कुणाची जागा घ्यायची ते त्याच कागदावर बोट ठेवून दाखवा. बदली झाल्यावरच्या पहिल्याच कॉर्नरला गोल खाणारे संघ कमी नाहीत.

गोलीचा_हात

गोलीचा वेगळा माणूस सगळ्यांनी मान्य केला म्हणून बरं वाटलं. त्या १६ सत्रांत उड्या मारत बसू नका. ओला बॉल छातीशी घेणं, खाली बसून मागं गुडघ्याची आड ठेवणं, आणि उंच बॉल धरायचा की मुठीनं बाहेर काढायचा हा निर्णय, एवढंच घ्या. पावसात बॉल गोलीसमोर टप्पा खाऊन वेग घेतो. म्हणून बाजूनं येणारे खालचे शॉट रोज ३० तरी हवेत, आणि टप्पा नेमका त्याच्या पुढं दोन मीटरवर पडला पाहिजे. गोलकिकला आता बॉल पेनल्टी एरियाबाहेर जायची वाट बघायची गरज नाही, २०१९ पासून नियम बदललाय. दोन स्टॉपर आतच उभे करून छोटा पास देता येतो. चिखल असेल तर मात्र देऊ नका.

टायब्रेकरसाठी पाच नव्हे, आठ नावं क्रमानं ठरवा. सराव सत्राच्या शेवटी, दमलेल्या पायांनी, मधल्या रेषेपासून एकट्यानं चालत येऊन. ताज्या पायांनी मारलेल्या पेनल्टीचा काही उपयोग नाही. प्रत्येकानं आपली बाजू ठरवायची आणि बदलायची नाही. गोलीनं किक बसेपर्यंत एका पायाचा निदान काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या मागं ठेवायचा. आधीच पुढं आला आणि वाचवलं तर किक परत घेतात. सरावात कुणीतरी रेषेवर वाकून हे बघायला हवं, नाहीतर सवय लागत नाही.

ग्लोव्हजचे दोन जोड लागतील, एक सरावाचा, एक सामन्याचा. सामन्याआधी तळवे किंचित ओले करायचे, कोरड्या लॅटेक्सला पकड नसते. नंतर कोमट पाण्यात चिखल धुवून सावलीत वाळवायचे. उन्हात टाकले की महिन्यात तळव्याला तडे जातात. आणि मध्यंतरासाठी एक कोरडा टॉवेल गोलजाळ्याच्या आत, खांबाजवळ बांधून ठेवा.